जावयाचा हातगुण

सासूबाईंच्या घरात पाऊल टाकलं की हल्ली जावयाची छाती दोन इंच फुगायची. आणि का फुगू नये? लग्नाला नऊ वर्षं झाली होती. त्यातली पहिली पावणेनऊ वर्षं या घरात त्याला कुणी हिंग लावून विचारलं नव्हतं. लेकीने लिफ्ट दुरुस्त करणारा नवरा केला, बरं, केला. माणूस स्वभावाने गरीब आहे, जेवायला वाढा, विषय संपला. कौतुकाचा सगळा साठा मेव्हण्यासाठी राखीव. मेव्हण्याचं कॉम्प्युटरचं दुकान होतं, काचेचा दरवाजा होता, आत गारेगार हवा होती आणि त्याच्या दर वाक्यात एक तरी ‘लेटेस्ट’ असायचं.

पण पाच आठवड्यांपासून वारं फिरलं होतं. सासूबाईंचा कॉम्प्युटर सकाळी हटून बसायचा. बटण दाबलं की काळा पडदा, त्यावर ‘सुरू करण्याजोगी डिस्क सापडत नाही’ अशा अर्थाची एक पांढरी ओळ, आणि पुढे ढिम्म. मेव्हण्याने येऊन दाबा, शेजारणीने दाबा, रागाने दाबा, प्रेमाने दाबा, काही उपयोग नाही. मग संध्याकाळी कामावरून जावई यायचा. कमरेच्या हुकातून किल्ल्यांचा जुडगा काढायचा, जुडग्याला लटकलेला लाल पेनड्राइव्ह सवयीने कॉम्प्युटरच्या पुढच्या खाचेत खुपसायचा (असावा हाताशी, अडीनडीला त्यात दुरुस्तीची हत्यारं असतात), बाह्या वर करायचा आणि बटण दाबायचा. की लगेच घरघर, टिंग, आणि पठ्ठ्या सुरू!

“पेनड्राइव्ह उघडावासुद्धा लागला नाही,” असं म्हणत जावई किल्ल्या परत कमरेला लटकवायचा.

“हातगुण लागतो हो,” सासूबाई शेजारणीला फोनवर सांगायच्या. “आमच्या जावयांच्या हाताला गुण आहे. नुसते समोर उभे राहिले तरी चालतो मेला.”

हे ऐकलं की मेव्हण्याचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा व्हायचा. जावयाला दुसरं काय हवं होतं?

आता मुळात हे प्रकरण सुरू कसं झालं ते सांगायला हवं. सासूबाई शब्दकोडी रचायच्या. अठरा वर्षं एका साप्ताहिकात दर आठवड्याला त्यांचं कोडं यायचं आणि अठरा वर्षांत एकही खाडा नाही. पडसं झालं, पाय मोडला, सासरे गेले, कोडं गुरुवारी दुपारी बाराच्या आत पोचलं म्हणजे पोचलं. मात्र साप्ताहिकाला नवा संपादक आला होता आणि त्याला बाहेरून तयार कोडी फुकट मिळत होती. त्याने गोड आवाजात बजावलं होतं, “बाई, तुमचं कोडं वाचकांना आवडतं, पण एक आठवडा जरी चुकलं तरी मला दुसरी सोय करावी लागेल.” दुसरी सोय एकदा झाली की पहिली सोय घरी बसते, हे सासूबाईंना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

अशात कॉम्प्युटर म्हातारा झाला. एक अक्षर टाइप केलं की ते पडद्यावर उमटायला विचार करायचा. मेव्हणा म्हणाला, “भंगारात घाल आई, दुकानातून लेटेस्ट आणतो.” आणि तिथे जावयाने तोंड उघडलं. जावयाला लिनक्सचं वेड होतं. लिनक्स म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी, फुकट मिळणारी एक प्रणाली. फुकट मिळते म्हणून स्वस्तात पडते असं मात्र कुणी समजू नये, तिची किंमत रविवारांत मोजावी लागते. जावयाचे दहा वर्षांचे रविवार तिच्यात गेले होते. तो म्हणाला, “आई, भंगारात कशाला? मी नवी डिस्क बसवतो, तिच्यावर लिनक्स टाकतो. हरणासारखा पळेल.”

आणि पळायला लागला की! लिनक्स चढवताना त्याने ‘आपोआप’ हा पर्याय तुच्छतेने सोडून ‘जाणकारांसाठी’ हा पर्याय निवडला, कारण आपोआप काय, कुणीही करेल. सासूबाईंची जुनी कोडी लाल पेनड्राइव्हवरून नव्या डिस्कवर आणली. वर सल्लाही दिला, “आता कागदावर कच्चं लिहायची कटकट सोडा आई. सगळं इथेच करा.” सासूबाईंनी ऐकलं. अठरा वर्षांची सवय जावयाच्या शब्दाखातर सोडली. कोडं हाताशी असेल त्याच दिवशी त्या कॉम्प्युटर लावायच्या, एरवी तो बंद.

तिसऱ्या दिवशी सकाळी काळा पडदा.

जावई कामात चोख माणूस. लिफ्टच्या खोलीत प्रत्येक लिफ्टची एक वही टांगलेली असते. जो कुणी स्क्रूला हात लावेल त्याने तारीख, बिघाड, केलेलं काम लिहायचं आणि खाली सही ठोकायची, असा धंद्यातला नियम. त्याने तशीच एक वही दोरी ओवून सासूबाईंच्या कॉम्प्युटरच्या टेबलाला टांगली. पहिल्या पानावर लिहिलं, ‘डिस्कची वायर सैल वाटली. बदलली. चालू.’ खाली झोकात सही.

चार दिवसांनी लावला तर परत बंद. मग त्याने आपल्या मंडळाला विचारलं. मंडळ म्हणजे लिनक्सवाल्या वीसेक रिकामटेकड्यांचा फोनवरचा गट. तिथे एक अर्थिंगकाका होते, त्यांच्या मते जगातला प्रत्येक बिघाड अर्थिंगमुळे होतो, घटस्फोटसुद्धा. एक लॉगमास्तर होता, तो काहीही विचारलं तरी “आधी लॉग दाखवा” (लॉग म्हणजे कॉम्प्युटरची रोजनिशी) एवढंच म्हणायचा. दोघांची दोन दिवस जुंपली. तोवर जावयाने मदरबोर्डवरची बटणासारखी बॅटरी बदलली. चालू. सही. पुढच्या आठवड्यात परत बंद. मेमरीच्या पट्ट्या काढून, पुसून, परत बसवल्या. चालू. सही. परत बंद. दर वेळी जावई हात लावायचा की सुरू व्हायचा, म्हणजे जे केलं ते बरोबरच होतं, नाही का? लॉगमास्तरने मागितलेला लॉग पाठवला तर त्यात सगळं आलबेल. असणारच. सुरू झालेल्या कॉम्प्युटरने तक्रार कशाची करायची?

दुरुस्तीनंतर तासभर “निरीक्षण” असायचं. तेवढ्या वेळात सासूबाई त्या आठवड्याचं कोडं जावयापुढे ठेवायच्या. “बसलाच आहात तर सोडवून बघा.” जावई बिचारा डोकं खाजवायचा. पहिल्याच ओळीला त्याची गाडी अडायची आणि सासूबाई चष्म्यावरून बघत म्हणायच्या, “असू दे, असू दे. चहा घ्या.” पावणेनऊ वर्षांत या दोघांचं जेवढं बोलणं झालं नव्हतं तेवढं त्या पाच आठवड्यांत झालं. कोडं सुटत नव्हतं, पण जावयाला ते तास आवडायला लागले होते. बायकोला मात्र तो हे बोलला नव्हता. तिने दात काढले असते.

पाचव्या बुधवारी त्याने पॉवर सप्लायच नवा घातला. मग दोन्ही हात झटकून म्हणाला, “आता हा जन्मात बंद पडायचा नाही.”

“तसं नव्हे,” सासूबाई म्हणाल्या, “बुधवारी मी तो रात्रभर चालूच ठेवते. वर चादर टाकते, उजेड येतो म्हणून. कोडं रात्रभर मुरलं पाहिजे, सकाळी ताज्या डोळ्यांना चुका दिसतात. पण सकाळी हा उठलाच नाही तर?”

“आई, खुशाल बंद करून झोपा. मी सांगतोय ना!”

सासूबाईंनी बंद केला आणि झोपल्या.

गुरुवारी सकाळी साडेदहाला जावई एका कचेरीच्या इमारतीत नवव्या मजल्यावर, लिफ्टच्या डोक्यावर उभा राहून ग्रीस लावत होता. फोन वाजला.

“जावईबापू,” सासूबाईंचा आवाज थंड होता, “काळा पडदा.”

जावयाने ग्रीसचा डबा खाली ठेवला. “असं कसं होईल? कालच तर...”

“तुमचे मेव्हणे आलेत. त्यांनी डिस्क बाहेर काढून स्वतःच्या लॅपटॉपला लावलीय. त्यावर काहीतरी विचारतोय.”

मागून मेव्हण्याचा उत्साही आवाज आला, “भावोजी, डिस्क वाचता येत नाही म्हणतोय. फॉरमॅट करायची का विचारतोय. हो म्हणू?”

“नाऽऽही!” जावई असा ओरडला की खालच्या मजल्यावरचे कारकून खुर्च्यांवरून उठले. “हात लावू नकोस! तुझ्या लॅपटॉपला लिनक्सची डिस्क कळत नाही, म्हणून तो तसं विचारतोय!”

“फॉरमॅट म्हणजे काय रे?” सासूबाईंनी मुलाला विचारल्याचं ऐकू आलं.

“म्हणजे पाटी कोरी करायची, आई. मग कशी लेटेस्ट...”

“आधी बोट काढ तिथून!” सासूबाई कडाडल्या. “अठरा वर्षांची पाटी आहे ती! होती तिथे बसव डिस्क. स्क्रू मोजून लाव.” मग परत फोनवर, “किती वाजले?”

“पावणेअकरा.”

“सव्वा तास आहे. कागदावर मी काही ठेवलेलं नाही. का, ते तुम्हाला ठाऊक आहे.”

जावयाला ठाऊक होतं. लिफ्टच्या डोक्यावर उभ्या उभ्या त्याचे कान तापले. वायर, बॅटरी, पॉवर सप्लाय, सगळं बदलून झालं होतं. आता बदलायला उरला होता तो जावई. तो रडवेला होऊन म्हणाला, “आई, मला खरंच कळत नाहीये. चुकलं माझं. मला वाटलं, मला येतं.”

पलीकडे पानं उलटल्याचा आवाज आला.

“हे बघा, मी तुमची वही घेऊन बसलेय,” सासूबाई म्हणाल्या. “तुम्ही एका ओळीत लिहिता. मी त्याच्याखाली माझंही लिहून ठेवलंय.”

“तुम्ही? काय लिहिलंय?”

“सगळं. कोडं अडलं की भरलेली घरं बघायची असतात, रिकामी नाही. ऐका. पहिल्यांदा, निळा शर्ट, वायर बदलली, चालू. दुसऱ्यांदा, पांढरा शर्ट, बॅटरी, चालू. तिसऱ्यांदा, तोच पांढरा शर्ट, मळका, मेमरी, चालू. म्हणजे शर्टाचा संबंध नाही. बदललेल्या वस्तूचाही नाही, कारण ती दर वेळी वेगळी. बरोबर?”

“बरोबर,” जावई पुटपुटला. मंडळातल्या वीस जणांपैकी एकाने हे असं विचारलं नव्हतं.

“दर वेळी सारखं काय? तुम्ही. म्हणून मी आपली हातगुण हातगुण करत बसले. पण मधला तो रविवार आठवा. तुम्ही जेवायला आला होतात. तुम्हाला दारात सोडून माझी लेक स्कूटर घेऊन मैत्रिणीकडे गेली. त्या दिवशी तुम्ही तीनदा बटण दाबलंत आणि तो उठला नाही.”

“व्होल्टेज कमी होतं त्या दिवशी.”

“असं तुम्ही म्हणालात. मी लिहिलंय, ‘जावई आहेत. किल्ल्या नाहीत. बंद.’” सासूबाईंनी वही मिटली. “जावईबापू, गुण तुमच्या हाताला नाही हो. तुमच्या किल्ल्यांना ते लाल लटकलंय ना, त्याला आहे. त्यात काय आहे?”

जावयाने कमरेकडे पाहिलं. पट्ट्याच्या हुकाला जुडगा, जुडग्याला लाल पेनड्राइव्ह. आणि पाच आठवडे न पडलेला प्रकाश त्याच्या डोक्यात एकदम पडला.

कॉम्प्युटरला उठवणारी एक छोटीशी गोष्ट असते, तिला बूटलोडर म्हणतात. सकाळी तो ‘ऊठ बाबा, तुझा संसार अमक्या डिस्कवर आहे’ असं सांगतो आणि मग पुढचं सगळं चालतं. लिनक्स चढवताना, ‘जाणकारांसाठी’ या पर्यायात, विचारलं होतं: बूटलोडर कुठे ठेवू? समोर यादी होती. यादीत पहिली असते ती घरची डिस्क, हे दहा वर्षांचं ज्ञान. जावयाने न वाचता पहिल्या नावावर बोट ठेवलं होतं. त्या दिवशी कोडी आणण्यासाठी लाल पेनड्राइव्ह खाचेत होता आणि यादीत पहिलं नाव त्याचं होतं. आपोआप होऊ दिलं असतं तर शेंबड्या पोराच्या हातूनही हे चुकलं नसतं. ही चूक करायला माणूस जाणकारच लागतो.

म्हणजे पाच आठवडे सासूबाईंच्या कॉम्प्युटरला उठवणारा माणूस जावयाच्या कमरेला लटकून गावभर लिफ्ट दुरुस्त करत हिंडत होता!

“आई,” तो म्हणाला, “मी आलो.”

नऊ मजले. लिफ्ट होती, पण ती त्यानेच उघडून ठेवलेली. सहाव्या मजल्यावर एका बाईने विचारलं, “लिफ्ट किती वेळ बंद राहणार?” तो “आता माझ्यासाठीही बंदच आहे!” असं ओरडत खाली पळाला. तिसऱ्या मजल्यावर त्याची एक चप्पल निसटली, ती हातात घेऊन उरलेले मजले उतरला. स्कूटरला किक मारताना जुडगा डोळ्यांपुढे झुलायला लागला आणि त्याला स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

साडेअकराला तो पोचला. मेव्हणा शेवटचा स्क्रू पिळत होता. एक स्क्रू जास्तीचा उरला होता, पण तो वाद घालायची ही वेळ नव्हती. जावयाने जुडगा काढला, लाल पेनड्राइव्ह खाचेत घातला आणि बाजूला सरकला.

“आई, बटण तुम्ही दाबा.”

सासूबाईंनी दाबलं. घरघर, टिंग. पडद्यावर कालचं कोडं होतं तसं हजर. सासूबाईंनी चष्मा लावला आणि पाठवायच्या ऐवजी शांतपणे वाचायला लागल्या.

“आई, पाठव ना!” मेव्हणा कळवळला.

“चूक असेल तर?” त्या म्हणाल्या. आणि खरंच, आडव्या चौदाला एक घर जास्त निघालं. ते दुरुस्त झालं, कोडं गेलं, आणि भिंतीवरच्या घड्याळात बाराला आठ मिनिटं कमी होती. संपादकाचं ‘मिळालं’ असं उत्तर येईपर्यंत तिघांपैकी कुणीही खाली बसलं नाही.

मग मेव्हण्याने कपाळ पुसलं आणि विचारलं, “पण भावोजी, होतं काय नेमकं?”

खोटं बोलायला फारसं काही लागलं नसतं. वायर सैल होती म्हटलं असतं तरी भागलं असतं. सासूबाई वहीकडे बघत होत्या, जावयाकडे नाही. नऊ वर्षांनी मिळालेला मान एका वाक्यावर लटकला होता, आणि समोर मेव्हणा! पण वही ती वही. खोटी नोंद केली की पुढचा माणूस लिफ्टसकट खाली जातो, हे जावई धंद्यात शिकला होता. त्याने पेन काढलं आणि मोठ्याने वाचत लिहिलं:

“बिघाड: बूटलोडर डिस्कऐवजी जावयाच्या पेनड्राइव्हवर. कारण: जावई. आधी बदललेली वायर, बॅटरी आणि पॉवर सप्लाय निर्दोष होते.” आणि खाली सही. झोकात नाही, साधीच.

मेव्हण्याला इतकं हसू आलं की त्याला पाणी द्यावं लागलं. “म्हणजे हातगुण... कमरेला?” एवढंच तो म्हणू शकला. जावयाने मान खाली घालून दोन आज्ञा टाइप केल्या, बूटलोडर घरच्या डिस्कवर बसवला, पेनड्राइव्ह उपटून खिशात घातला आणि थेट दाराबाहेर जाऊन उभा राहिला.

“आता बंद करून सुरू करा. मी इथूनच बघतो.”

घरघर, टिंग. त्याच्यावाचून सुरू झाला. पहिल्यांदाच. जावयाला आनंद झाला, आणि आनंदाच्या पाठोपाठ वाईटही वाटलं, अगदी सपशेल वाईट. आता बुधवारी संध्याकाळी इथे त्याचं काय काम? “बरंय आई, येतो,” तो म्हणाला. “आता माझी गरज लागायची नाही.” सासूबाई वहीत काहीतरी लिहीत होत्या. त्यांनी नुसतं “हं” केलं.

पुढच्या बुधवारी पाच वाजता फोन आला. “जावईबापू, संध्याकाळी या.”

“बंद पडला?” जावयाने धसकून विचारलं.

“ठणठणीत आहे. तुम्ही या.”

तो गेला. कॉम्प्युटर मजेत चालू होता. टेबलावर चहा आणि त्याच्या शेजारी कोरं कोडं.

“बसा,” सासूबाई म्हणाल्या. “पाच आठवडे तुमच्याकडून आधी सोडवून घेतलं. तुम्ही जिथे अडलात तिथली सूचना मी सोपी केली. संपादक म्हणतो, वाचकांची पत्रं दुप्पट झालीत. तुम्हाला सुटलं की कुणालाही सुटतं. एवढा भरवशाचा माणूस मी आता कुठून आणू? दर बुधवारी यायचं. खाडा चालणार नाही.”

हे कौतुक होतं की पाणउतारा, हे ठरवायच्या भानगडीत जावई पडला नाही. त्याने खुर्ची ओढली, पेन उघडलं आणि पहिली सूचना वाचली.

आडवा एक: काखेत ___, गावाला वळसा. तीन अक्षरं.

जावयाने हळूच वर पाहिलं. “आई, हे छापायला जाणार?”

“मग! उद्या बाराच्या आत.”

“सगळीकडे?”

“नाव कुठे घातलंय तुमचं?”

जावयाने तिन्ही घरं भरली. एकदाही डोकं न खाजवता, एकदाही न अडता.

“बघा,” सासूबाई त्याच्यापुढे चहा सरकवत म्हणाल्या, “आज पहिलंच कसं पटकन सुटलं.”